पान लागलं

हडपसरला गाडीतळाच्या जरा अलीकडे सोनबाची फुलांची टपरी आहे. पुढे फळी, फळीवर ओलं फडकं, फडक्याखाली हार आणि मागे स्टुलावर सोनबा. उभा जन्म त्यानं तिथं हार ओवण्यात घालवला. फुलांचा धंदा मोठा विचित्र. एकाच रिळाच्या दोऱ्यातून नवरदेवाचा हार निघतो आणि तिरडीचाही. त्यामुळे असेल किंवा लहानपणी आईनं तोंडावर मारलेल्या चापट्यांमुळे असेल, पण अशुभ शब्द म्हणून सोनबाच्या तोंडून कधी निघत नसे. मयताच्या हाराला तो ‘तिकडचा हार’ म्हणे. त्याच्या घरातला दिवा कधी विझला नाही, शांत झाला. घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हटलं की त्याला परत आत बोलावून ‘येतो’ म्हणायला लावी. बायको मैना वारली, तर ती ‘पुढं गेली’. पुढं म्हणजे कुठं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. एकदा टपरी बंद करताना शहरातलं एक गिऱ्हाईक आलं, तेव्हा त्यानं नेहमीप्रमाणे ‘दुकान वाढवलंय’ म्हणून सांगितलं. गिऱ्हाइकानं टपरीकडे वरखाली पाहिलं आणि विचारलं, ‘‘कुठं? मला तर होतं तेवढंच दिसतंय.’’ सोनबाला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

हसायची ती तनुजा. तनुजा त्याची सून. येरवड्यात वाढलेली, बी. कॉम. झालेली, फुलांशी संबंध काय तो गजरा माळण्यापुरता. नवरा विश्वजीत कंपनीची गाडी चालवायचा, आज नाशिक तर उद्या सोलापूर. घरात एकटीला करमेना म्हणून ती टपरीवर येऊन बसायला लागली आणि बसता बसता हात चालवायला लागली. वर्षभरात तिच्या वरमाला अशा काही उतरायला लागल्या की कोथरूडहून लोक फोनवर फोटो पाहून मागण्या नोंदवू लागले. गुलाबाची पाकळी दुमडून ती दोऱ्यात अशी बसवायची की गाठ शोधून सापडू नये. सोनबा तोंडावर कुणाचं कौतुक करणाऱ्यातला नव्हता. पण एकदा तिची वरमाला हातात धरून तो म्हणाला, ‘‘हिच्या बोटांत मैना आलीया.’’ तनुजा टपरीमागे जाऊन रडली होती.

सासऱ्याच्या बोलण्याची मात्र ती मनसोक्त थट्टा करायची. मामा, कधीतरी सरळ बोलून बघा, काही होत नाही, म्हणायची. त्यावर त्याचं एकच उत्तर असे, की तोंडातून निघालं की होतं. यावर ती हात जोडायची आणि दोघं पुन्हा कामाला लागायची.

पुढचं घडलं ते गौरी येण्याच्या आदल्या सकाळी. मांजरी रस्त्याला सोनबाचं घर आहे, घरामागे पत्र्याची शेड. फुलांची ओली पोती तिथं असतात. शेडमागच्या रानात परवापरवापर्यंत ऊस होता, आता तिथं बारा मजले उठायचे होते आणि जेसीबी दिवसभर जमीन उपसत होता. रानातले उंदीर शेडमध्ये आले आणि उंदरांमागे जो यायचा तो आला. केवड्याच्या वासाला नाग येतो म्हणतात. त्याला वासाशी काय करायचंय? त्याला उंदीर हवे होते आणि गार जागा हवी होती, आणि दोन्ही केवड्याच्या पोत्याखाली होतं.

तनुजानं केवड्याची कणसं काढायला कोपऱ्यात हात घातला आणि ‘आई गं’ करून मागे घेतला. उजव्या हाताच्या बोटावर दोन टोचल्या जागा, रक्ताचा थेंब. केवड्याच्या पानाला काटे असतात, तिला नेहमीच लागायचे. ती बोट झटकत म्हणाली, मामा, आज जरा जोरात लागला. सोनबा दारात उभा होता. पोत्यामागून पत्र्याच्या फटीकडे जाणारं ते जनावर त्यानं पाहिलं, जाता जाता अर्धवट उघडलेला फणाही पाहिला.

सोनबाच्या लहानपणी त्याच्या थोरल्या भावाला, गेनबाला, असंच झालं होतं. तेव्हा लोकांनी गेनबाला देवळात नेऊन बसवलं, कडुनिंबाचा पाला चारला, ढोल वाजवून जागं ठेवलं. गेनबा ढोल ऐकत ऐकत मान टाकून गेला. त्या दिवसापासून सोनबाचा देवळावर आणि मांत्रिकावर या बाबतीत काडीचा विश्वास उरला नव्हता. असं कुणाला झालं तर थेट मोठा दवाखाना गाठायचा, हे त्यानं मनाशी पक्कं केलेलं होतं. उपाय त्यानं टाकला, पण त्या उपायाबरोबरचा शब्द तेवढा त्याच्यापाशी राहिला. त्याच्या गावात साप चावला असं कुणी म्हणत नसे. ज्याला चावला त्याच्या कानावर ते नाव पडलं की विष चढतं, म्हणून ‘पान लागलं’ म्हणायचं. हे गावात शेंबड्या पोरालाही कळे.

म्हणून तो तनुजाला म्हणाला, ‘‘काय न्हाई पोरी, पान लागलंय. चल, डाक्टरकडं जाऊन येऊ.’’ तिला वाटलं, केवड्याचंच पान. एवढ्याशा काट्यासाठी डॉक्टर कशाला, म्हणून तिनं हुज्जत घातली. पण त्यानं हात धरून तिला रिक्षात घातलं. बोट बांधलं नाही, जखम कापली नाही, वाटेत कुठं थांबू दिलं नाही. सगळं बरोबर केलं म्हाताऱ्यानं. आजही ते आठवलं की जीव तुटतो.

दवाखान्यात तापाच्या रोग्यांची रांग दारापर्यंत आली होती. तपासायला एक तरुण डॉक्टर होता, ऋषी नावाचा, नुकताच शिकून बाहेर पडलेला. काल रात्रीपासून खुर्चीवरून उठला नसावा. काय झालं, असं त्यानं विचारलं. पान लागलंय, सोनबा म्हणाला. कसलं पान, त्यानं विचारलं. सोनबानं तनुजाकडे पाहिलं. तिच्यासमोर ते नाव कसं घ्यायचं? ‘‘केवड्यातलं,’’ तो म्हणाला, आणि मोठ्या माणसानं मोठ्या माणसाला करावी तशी डोळ्यांनी खूण केली. तनुजा म्हणाली, हो, केवडा काढत होते, काटा गेला. डॉक्टरनं बोट पाहिलं. दोन टोचल्या खुणा होत्या, थोडी सूज आली होती, आणि केवड्याचा वास तर सगळ्या खोलीत भरला होता. या गर्दीत आणखी काय शोधायचं? त्यानं जखम धुतली, एक इंजेक्शन दंडात दिलं, सुजेसाठी आणखी एक दिलं आणि सांगितलं, ‘‘थोडा वेळ बाहेर बसा. झोप येईल, घाबरू नका.’’

सोनबाला वाटलं, झालं. पानावरचं औषध अंगात गेलं. त्यानं देवाला हात जोडले.

बाकावर बसल्या बसल्या विश्वजीतचा फोन आला. तो गाडी घेऊन नाशिकला गेला होता. सोनबानं त्यालाही तेच सांगितलं. विश्वजीत म्हणाला, मग हळद लावायची, दवाखान्यात कशाला गेलात? आपल्या पोराला हा शब्द ठाऊकच नाही, हे त्याच्या तेव्हा ध्यानात यायला हवं होतं. त्याला वाटलं, पोरगा मोठ्या धीराचा आहे.

थोड्या वेळानं तनुजाच्या पापण्या जड झाल्या. डॉक्टरनं झोपेचं आधीच सांगितलं होतं. गेनबाला जागं ठेवलं होतं आणि तो गेला, म्हणजे झोपू देणं हीच नवी रीत असणार. तरी त्यानं तिला हलवलं. तिनं डोळे उघडायचा प्रयत्न केला आणि नाकात बोलल्यासारखी म्हणाली, ‘‘मामा, तुम्ही दोन दिसताय.’’ मग हसायला गेली आणि तिच्या ओठाच्या कडेनं लाळ गळली.

तो उठून आत गेला. पोरगी डोळे मिटायला लागलीया, म्हणाला. ऋषीनं दुसऱ्या रोग्याच्या छातीवरून नळी न काढता सांगितलं, की झोपू द्या हो, इंजेक्शनचा परिणाम आहे. सोनबा तिथंच घोटाळला.

‘‘पण पान उतरंना की.’’

‘‘पान कसं उतरेल काका? सूज उतरेल. बसा बाहेर.’’

सोनबा बाहेर येऊन बसला. डॉक्टरांच्या बोलण्यात आपल्याला न कळणारं काहीतरी असतं, अशी त्याची समजूत होती. तनुजाची मान त्याच्या खांद्यावर आली. आधी ती टेकल्यासारखी होती, मग तिचं सगळं वजन त्याच्यावर आलं. त्यानं तिचा हात उचलून पाहिला. बोट फुगून टरारलं होतं आणि टोचल्या जागेभोवती काळपट निळं कडं आलं होतं. तिचा श्वास अडखळत होता. समोरून एक नर्स चालली होती. तिला थांबवून त्यानं गयावया केली, की बाई, ते इंजेक्शन आणखी एक द्या, एकानं भागत नाही.

‘‘धनुर्वाताचं इंजेक्शन एकदाच देतात बाबा,’’ नर्स म्हणाली.

धनुर्वाताचं. सोनबाच्या डोक्यात सगळं एकदम उजाडलं. या दवाखान्यात कुणालाच काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एकट्या त्याला, आणि ते त्याच्या जिभेवर अडून बसलं होतं. त्याच्या खांद्यावर मान टाकलेल्या पोरीचा कान त्याच्या तोंडापासून वीतभर होता. नाव घेतलं तर चढेल. नाही घेतलं तर? त्यानं तोंड उघडलं, आवाज निघेना. नर्स दोन पावलं पुढे गेलीसुद्धा.

‘‘नाग,’’ तो म्हणाला. आणि मग आख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असा ओरडला, ‘‘नाग चावलाय हिला. नाग. म्या बघितलाय.’’

त्यानंतर जे व्हायला हवं होतं ते सगळं झालं, आणि भराभर झालं. स्ट्रेचर आला. ऋषीचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्याचे हात थांबले नाहीत. बाटल्यांमागून बाटल्या फोडल्या, विषावरचं औषध सलाइनमधून चढू लागलं. पापण्यांसाठी म्हणून आणखी एक इंजेक्शन दिलं, तेव्हा तनुजाचे डोळे किलकिले झाले आणि सोनबानं ‘पोरी’ म्हणून हाक मारली. ते तेवढ्यापुरतंच. डोळे पुन्हा मिटले, छाती हलायची थांबली, आणि तिच्या घशात नळी घालून तिला यंत्रावर ठेवलं. तिच्यासाठी श्वास आता ते यंत्र घेत होतं.

अतिदक्षता विभागाच्या मोठ्या डॉक्टर उत्कर्षा मॅडम बाहेर आल्या. चावून किती वेळ झाला, असं त्यांनी विचारलं. सोनबाला घड्याळाची सवय नव्हती. ‘‘एक मोठा हार ओवून व्हावा, एवढा,’’ तो म्हणाला. मॅडम त्याच्या शेजारी बाकावर बसल्या.

त्यांनी त्याला समजावून सांगितलं ते असं. हे औषध घोड्याच्या रक्तातून काढतात. घोड्याला विष थोडं थोडं टोचायचं, मग त्याचं अंग त्या विषाला धरणारे पहारेकरी तयार करतं. ते पहारेकरी आपण तनुजाच्या रक्तात सोडलेत. रक्तात फिरणारं विष ते धरतात. पण नसा आणि स्नायू जिथं भेटतात तिथं जे विष आधीच जाऊन बसलंय, त्याला तिथून उठवणं त्यांना जड जातं. ते सुटेपर्यंत यंत्रानं श्वास द्यायचा. शिवाय ज्या सापांच्या विषावरून हे औषध बनतं, ते बरेचसे लांब दक्षिणेतले. आपल्याकडच्या नागाचं विष अगदी त्यांच्यासारखंच असेल असं नाही, म्हणून औषध जास्त लागू शकतं.

‘‘आन् हात?’’ सोनबानं विचारलं. काळपट कडं आता बोटावरून पंजावर उतरलं होतं.

श्वास बंद पाडणारं विष वेगळं आणि मांस जाळणारं वेगळं, मॅडम म्हणाल्या. मांस जाळणारं विष इतकं बारीक असतं, की घोड्याचं अंगसुद्धा त्याची फारशी दखल घेत नाही. त्यावर हे औषध फार चालत नाही. शिवाय ते विष चावल्या जागीच, फार लवकर आपलं काम उरकतं.

‘‘नाग एक आन् इषं दोन?’’

‘‘दोन नाही काका, पुष्कळ. नावं सगळ्यांची मिळून एकच, नागाचं विष. त्यानंच घोटाळा होतो.’’

सोनबाला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायला त्याच्यात त्राण नव्हतं. शेवटी त्यानं विचारली. आल्या आल्या नाव घेतलं असतं तर हात राहिला असता का?

‘‘नळी कदाचित लागली नसती. हाताचं सांगता येत नाही.’’

‘‘कदाचित नगा म्हनू बाई. एक तर हो म्हना, न्हाई तर न्हाई म्हना. सरळ सांगा.’’

‘‘हेच सरळ आहे काका. लवकर औषध मिळूनही काहींची बोटं जातात, काहींची राहतात. हो म्हटलं तरी खोटं होईल आणि नाही म्हटलं तरी.’’ त्या उठून आत गेल्या.

संध्याकाळी विश्वजीत आला. काचेतून बायकोच्या तोंडातली नळी पाहून तो बापाकडे वळला. पान म्हणजे काय, हे तुम्ही मला आयुष्यात कधी सांगितलं होतं का, एवढंच त्यानं विचारलं. नव्हतं सांगितलं. पोरांच्या कानावर असलं काही पडू नये म्हणूनच नव्हतं सांगितलं. तो शब्द घरात एकट्या सोनबाला येत होता आणि त्यानं तो साऱ्या दुनियेला येतो असं धरलं होतं. विश्वजीत त्यानंतर बापाशी बोलला नाही. दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून राहिले. ऋषी डॉक्टर येता-जाता मान खाली घालून जायचा. एकदा तो सोनबासमोर येऊन थांबला, काही बोलणार होता, पण कुणीतरी हाक मारली आणि तो गेला.

बाहेर गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. टपरीवरचा केवडा सुकून काळा पडला. वरमालांसाठी येणारे फोन वाजून वाजून बंद झाले. सोनबा बाकावर बसून बोटांनी हवेतच गाठी मारत राहायचा, दोरा नाही, फूल नाही. देवाकडे काय मागावं हेही त्याला कळेनासं झालं होतं, कारण मागायचं तर शब्द लागतात, आणि शब्दांचीच त्याला आता भीती वाटू लागली होती.

तनुजाचा श्वास परत आला. आधी ती यंत्राच्या मध्ये मध्ये स्वतःचा एखादा श्वास घ्यायला लागली, मग जास्त, आणि एका दुपारी नळी निघाली. औषधानं आपलं एक काम उशिरा का होईना, केलं. दुसऱ्या कामाला ते पुरलं नाही. त्याआधीच सर्जननी विश्वजीतची सही घेऊन सडलेलं मांस काढलं होतं, आणि त्याबरोबर अंगठ्याशेजारची दोन बोटं. दोरा धरणारं बोट आणि गाठ सारणारं बोट.

शुद्धीवर आलेल्या तनुजाला हे कुणी सांगितलं नव्हतं. हाताला बोचक्याएवढं बँडेज होतं. विश्वजीत म्हणाला, ड्रेसिंग आहे, नर्स म्हणाली, आता आराम करा. सोनबा आत गेला तेव्हा विश्वजीत औषधं आणायला खाली गेला होता. तनुजाचा घसा नळीनं सोलला होता. ती कुजबुजल्यासारखी म्हणाली, ‘‘मामा, माझी बोटं हलत नाहीत. काय झालंय?’’

सोनबाच्या जिभेवर शब्द तयार होते. आयुष्यभर त्यानं तेच तर जमवले होते. फुटलेल्या काकणासाठी होता, विझल्या दिव्यासाठी होता, गेलेल्या बायकोसाठी होता. बोटांसाठीही एखादा निघाला असता.

‘‘दोन न्हाईत पोरी,’’ तो म्हणाला. ‘‘कापली. तुला नाग चावला व्हता. मला ठावं व्हतं. म्या पान म्हनलो, आन् कुनाला कळलं न्हाई.’’

तनुजा बँडेजकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि ते पुसायला तिनं उजवा हात उचलला, मग तसाच खाली ठेवला. सोनबाला वाटलं, ती आता ओरडेल, शिव्या देईल, आणि तिनं तसं करावं असं त्याला फार वाटत होतं.

‘‘तेव्हाच सांगितलं असतं,’’ तिनं विचारलं, ‘‘तर राहिली असती?’’

उत्कर्षा मॅडमनी जे सांगितलं होतं तेच खरं होतं. हो म्हणणं खोटं होतं आणि नाही म्हणणं त्याहून खोटं. त्याला आता आडपडदा न ठेवता बोलायचं होतं, आणि त्यानं खरं तेच सांगितलं.

‘‘ठावं न्हाई, पोरी. सांगता येत न्हाई.’’

तनुजानं भिंतीकडे तोंड वळवलं.

‘‘आता तरी सरळ बोला, मामा,’’ ती म्हणाली.